तिसरी पिन

मी मशीनं दुरुस्त करतो, पण लोकांसमोर बोलायचं म्हटलं की माझा आवाज तोंडातच राहतो. त्यात बोलावणं आलं एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यातून. पिशव्या मोजणाऱ्या मशीनचा डिस्प्ले गेला होता. तो चालू झाला, तर तिथली सगळी दुरुस्ती मला मिळणार होती.

त्याच्या जागी बसवायला माझ्याकडे भंगारातला एक डिस्प्ले होता. मागे ना नंबर, ना कंपनीचं नाव. सोळाही पिना मीटरने तपासल्या. तिसरीचं काम काही कळेना, म्हणून ती मोकळीच सोडली आणि डिस्प्ले माझ्या टेस्टिंगच्या बोर्डाला जोडला. हा बोर्ड इंग्रजीत ‘टेस्ट ओके’ लिहितो. निळा उजेड आला, पण अक्षर एक नाही.

“काय करून राह्यला रे? मशीन कधीची बंद हाय,” सुपरवायझर येरझाऱ्या घालत म्हणाले.

मी तीनदा वायरी काढल्या, तीनदा लावल्या. शेवटी कसंबसं म्हणालो, “साहेब, हा खराब हाय.”

खाली बसून बी निवडणाऱ्या सुमनमावशी म्हणाल्या, “खराब कसा? कायतरी लिवलेलं दिसून राह्यलं की!”

मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो. खालून पाहिलं, तर फिकट अक्षरं होती: टेस्ट ओके. म्हणजे अक्षरं गडद करणारी पिन मी मोकळी सोडलेली तिसरीच होती. तिची वायर मायनसला टेकवली आणि अक्षरं ठळक झाली.

सुपरवायझर हसले. “तुझ्यासारखाच हाय हा. काम बराबर करतो, पण बोललेलं कोणाला कळत न्हाई. उद्यापासून येशील का?”

मी “हो” म्हणालो.

ते म्हणाले, “काय?”