चाकातलं कुंकू

हरिओम : लाल नटच द्या, संगप्पा. काळ्या अलॉयच्या चाकावर लाल नट म्हंजे उदगीरच्या चौकात गाडी उभी राहिली की लोकं वळून वळून बगतील.

सिंधु : मागच्या आठवड्यात बी वळून बगितलं लोकांनी. चाक ठकाठक वाजत व्हतं म्हणून.

संगप्पा : अहो, तुमी बसा की बाई. स्टूल घ्या. मालक, तुमी सांगा, लाल टोकदार देऊ का चंदेरी टोपीवाले?

सिंधु : स्टूल नको. अन् ज्याला मालक म्हणून राहिले ना, तो माझा दीर हाय. गाडी माझ्या नावावर, रोज चालवणार मी. मुखेडकडं आमच्या गावच्या उपकेंद्रात सिस्टर हाय मी. नटाचं बोलायचं ते माझ्याशी बोला.

संगप्पा : सरी, अक्का. माझं चुकलं. इथं बाप्येच येतात नटाला.

सिंधु : बाप्येच येतात म्हणून तर नट निघून पडतात.

हरिओम : वहिनी, दुकानात तरी नका चालू करू. बाबानं काय सांगितलंय? नट घ्यायचे, बसवायचे, गाडी मी चालवत आणायची अन् चावी बाबाच्या हातात द्यायची. बस.

सिंधु : अन् मी?

हरिओम : तुमाला मी सोडीन की उपकेंद्रावर. कवाबी हाक मारा.

सिंधु : कवाबी? दसऱ्यापासून सकाळी नवाच्या आत उठलेले बगितलं न्हाई मी तुमाला. बाईला कळा सुरू झाल्या तर तुमच्या उशापाशी येऊन उभी राहू? का बाईला सांगू, थांब माय, आमचे भावजी दात घासून राहिले?

संगप्पा : मला काय समजंना झालंय. झालं काय, ते तरी सांगा.

सिंधु : ऐका. यांनी लातूरच्या दोस्ताकडून जुने अलॉय आणले. दसऱ्याला माझ्या गाडीला बसवले. मी ड्यूटीवर व्हते, मला विचारलं बी न्हाई. मंग गावातल्या उमाबाईच्या सुनेला कळा आल्या, तिला घेऊन मी मुखेडच्या दवाखान्यात निघाले. पोरगी मागच्या सीटवर वरडून राहिली, सासू तिचं डोकं धरून बसलेली. वळणावर स्टेरिंग थरथरायला लागलं अन् डाव्या पुढच्या चाकातून ठक, ठक, ठक.

संगप्पा : शिव शिव.

सिंधु : उतरून बगते तर एक नट गायब, बाकीचे बोटानं फिरून राहिले. स्टेपनी लावली, गाठलं मुखेड. तिला पोरगी झाली, दोघी बऱ्या हायत. घरी आले तर मामंजी ओसरीवर बसलेले. एकच बोलले, 'बाईच्या हाती गाडी दिली की असं व्हतंय.'

हरिओम : बाबा रागात बोलले.

सिंधु : राग न्हाई तो. ती त्यांची तयार भाकर हाय. रस्ता खचला तर गुत्तेदार, बैल लंगडला तर नाल मारणारा, अन् चाक ढिल्लं झालं तर बाई! नटाला आवळलं कुणी व्हतं, ते एकानं विचारलं न्हाई.

हरिओम : गचके बसतात वहिनी. तुमी खड्डा बगत न्हाई.

सिंधु : बरं. मंग हे सांगा. त्याच रस्त्यानं, त्याच खड्ड्यातून, तीच बाई स्टेपनी लावून दवाखान्यात गेली अन् परत आली. स्टेपनीचा एक नट कामून ढिल्ला झाला न्हाई?

हरिओम : ते... ते लोखंडाचं चाक हाय ना.

सिंधु : हाव. अन् नट तेच जुने. एक पडून गेला व्हता म्हणून तीनच नटांवर गेले. तीन नट लोखंडाच्या चाकाला धरून बसतात अन् तुमच्या अलॉयला चार धरत न्हाईत. संगप्पा, हे ढिल्लं झालेलं अलॉय डिक्कीतून आणलंय मी. उजेडात घ्या. या भोकात बोट घाला.

संगप्पा : काय हाय? खडबडीत लागून राहिलंय. लाल लाल निघालं... गंज म्हणावा तर अलॉयला गंज येत न्हाई.

सिंधु : वास घ्या.

संगप्पा : तेल. हळद... कुंकू हाय हे! वाळून खपली झाली. चारी भोकांत थापलंय की, अक्का.

सिंधु : कळलं मला बी आजच, डिक्कीतून काढताना. बोला भावजी.

हरिओम : आईनं पूजा केली. नवीन चाकं म्हणून चारी पाटावर मांडली. तेलात हळदी-कुंकू कालवून प्रत्येक भोकाला भरून बोट लावलं. आई म्हणली, जिथं नट बसतोय तिथं देव बसू दे.

सिंधु : अन् तुमी?

हरिओम : मी पुसायला गेलो व्हतो. आई म्हणली, सणाच्या दिवशी कुंकू पुसू नको रं, अपशकुन व्हतोय. दोस्त वाट बगून राहिला व्हता, व्हिडिओ काढायचा व्हता. मंग तसंच बसवलं.

सिंधु : जखम धुतल्याबिगर मी टाका घालत न्हाई. तुमी कुंकवाच्या चिखलावर नट आवळला. चिखल वाळला, भुगा झाला, गळला. नटाला धरायला काय राहिलं? देव?

संगप्पा : अक्का, देवाचं नाव नका घेऊ तसं.

सिंधु : देवाला न्हाई बोलून राहिले. आत्याबाईला बी न्हाई. त्यांनी पुजलं, ते त्यांचं काम. पुसायचं काम बसवणाऱ्याचं व्हतं. अन् भावजी, तुमाला कवा कळलं?

हरिओम : काय?

सिंधु : माझ्या डोळ्यात बगून सांगा.

हरिओम : त्याच दिवशी. तुमी स्टेपनीवर घरी आलात तवा डिक्की उघडून बगितलं मी.

सिंधु : अन् मामंजी मला बोलून राहिले तवा तुमी कुठं व्हता?

हरिओम : तिथंच. चहा पिऊन राहिलो व्हतो.

संगप्पा : चहा मागवू का मी?

सिंधु : नको! आज चहाचं नाव काढू नका. नट दाखवा. सगळे.

संगप्पा : हे लाल. ॲल्युमिनियमचे, हलके. पोरं लई नेतात.

सिंधु : नखानं ओरखडा निघून राहिला याला. दोनदा पाना लावला की याचे कोपरे झिजणार. बेकार. पुढं.

हरिओम : दिसायला तरी...

सिंधु : दिसायला तुमी बी बरे हाव, भावजी. पुढं, संगप्पा.

संगप्पा : हे लॉकवाले. यांची वेगळी चावी येते. चावीबिगर चाक निघतच न्हाई. चोराला कळतच न्हाई कसं काढावं.

सिंधु : ती चावी कुणाकडं राहील, सांगू? मामंजीच्या कपाटात, धोतराच्या घडीखाली. अन् मी पंक्चर चाक घेऊन रस्त्यावर. एका चावीचंच भांडण मिटंना, दुसरी कशाला? पुढं.

संगप्पा : मंग हे दोन. एक तुमच्या जुन्या नटासारखा, तोंडाला गोलसर. दुसरा निमुळता, सुळका असतोय तसा उतरता. पोलाद दोन्ही. गोलसर घ्या, कंपनीचा तसाच हाय.

सिंधु : कंपनीनं तो लोखंडाच्या चाकासाठी दिलाय. यातला कोणता अलॉयच्या भोकात बसतोय, तुमाला छातीठोक सांगता येतंय?

संगप्पा : खरं सांगू? लोकं जे मागतात ते देतो मी. बसतोय म्हणतात, बसतो.

सिंधु : असं व्हय. मंग त्या शंकराच्या फोटोखालची कुंकवाची वाटी द्या.

संगप्पा : देवापुढचं कुंकू? नटाला?

सिंधु : दसऱ्याला तराजूला अन् पान्याला लावलं व्हतं का न्हाई? मंग आता कुंकू बाटतंय कशानं? चिमूटभर द्या, अन् दोन थेंब तेल.

संगप्पा : घ्या. पण करून काय राहिले?

सिंधु : ज्या कुंकवानं चाक ढिल्लं केलं, त्यालाच साक्षीला बोलवून राहिले. भावजी, या अलॉयचं हे एक भोक चिंधीनं साफ पुसा. चकचकीत झालं पायजे. हां. आता गोल तोंडाच्या नटाला हे कुंकू पातळ लावा. भोकात दाबा. थोडा फिरवा. काढा.

हरिओम : काढला.

सिंधु : भोकात कुठं लागलं?

हरिओम : एक रेघ. नुसती बारीक रेघ आली बगा, बांगडीसारखी. बाकी सगळं कोरं.

सिंधु : एवढ्याशा रेघेवर गाडी, मी, मागं बाळंतीण. पुसा. आता निमुळता घ्या. तसंच करा.

हरिओम : थांबा... आयला! सगळीकडं लागलं. वरपासून खालपर्यंत. पट्टाच उठला, गरगरीत.

संगप्पा : बगू, बगू. हाव की! नखभर जागा कोरी न्हाई. अक्का, इतकी वर्षं दुकान चालवून राहिलो, हे कुणी करून दाखवलं न्हाई मला. माझ्याच देवापुढचं कुंकू अन् माझाच नट.

सिंधु : मी बी पहिल्यांदाच केलं. दवाखान्यात कवळी बसवताना दातवाला डॉक्टर रंगाचा कागद चावायला देतोय, कुठं टेकतंय ते बगायला. म्हणलं चाकाचा दात बी तसाच असंल. आता आटे बगते. बाहेर गाडीचं एक चाक काढून ठेवलंय ना, तिथल्या उघड्या बोल्टावर हातानं फिरवते. हे बगा, तळापर्यंत गेला, कुठं अडला न्हाई. माझ्या डिक्कीतला पाना बी याला बरोबर बसतोय.

संगप्पा : अक्का, यात टोपीवाला बी हाय, चकचकीत. पण आता तुमाला खोटं सांगवंना. बोल्ट लांब असला तर टोपीला आतून जाऊन टेकतो. हाताला वाटतंय आवळला, अन् चाक मोकळंच राहतंय.

सिंधु : मंग उघड्या तोंडाचा द्या. बोल्टाचं टोक डोळ्याला दिसलं पायजे. चारी चाकांना. चाकाचं भोक तर खराब झालं न्हाई ना?

संगप्पा : गोल हाय. वाचलं. आणखी थोडी पळवली असती तर अंडं झालं असतं, मंग नट कोणता बी घातला तरी फिजूल. तुमी थांबलात म्हणून वाचलं.

सिंधु : ऐकलं का भावजी? थांबलात म्हणून. हेच घरी सांगायचं.

हरिओम : मी?

सिंधु : तुमीच. मी सांगितलं तर तो बाईचा बहाणा. तुमी सांगितलं तर खरं. असं घर हाय आपलं, मला आवडो न आवडो.

हरिओम : बाबा मला कच्चं खातील.

सिंधु : मला आठवडाभर खाऊन राहिले, मी मेले का? चिंधी घ्या. चारी चाकांची बाकीची सगळी भोकं पुसा. कुंकवाचा कण राहिला न्हाई पायजे.

हरिओम : आईनं लावलेलं...

सिंधु : आत्याबाईसाठी नवी पुडी घेतलीय मी समोरच्या दुकानातून. घरी गेल्यावर त्यांच्या हातानं चाकाला बाहेरून लावू दे, पायजे तेवढं. चाकाच्या आत मात्र नटाचं राज्य.

(दुकानाबाहेर, गाडीपाशी. शेवटचं अलॉय बसून गाडी जॅकवरून खाली उतरलेली.)

संगप्पा : शेजारच्याकडं हवेची बंदूक हाय. टर्र करून एका मिनिटात आवळून देतो तो.

सिंधु : नको. बंदुकीनं आवळलेला नट रस्त्यात माझ्या हातानं सुटणार न्हाई. भावजी, पाना द्या. इथला एक, मंग त्याच्या समोरचा. शेजारचा न्हाई, समोरचा. सासू-सुनेसारखं, एकीला एकदम आवळलं की दुसरीकडून चाक तिरपं व्हतंय.

हरिओम : मी पाय देऊन दाबू का पान्यावर?

सिंधु : खाली उतरा! बोल्ट तुटला तर तुमालाच ठोकीन त्याच्या जागी.

संगप्पा : अक्का, लई आवळू नका. अन् नवीन नट हाय, पन्नासेक किलोमीटर झाले की परत एकदा पाना लावा. बसत बसत जरा ढिल्ला पडतोय तो.

सिंधु : मुखेडच्या अलीकडंच लावते. चला भावजी. चावी.

हरिओम : बाबानं सांगितलंय...

सिंधु : ऐकलंय मी. चावी.

हरिओम : घ्या.

संगप्पा : अक्का, कुंकवाची वाटी परत देवापुढं ठेवू का आता ह्याच कामाला ठेवू?

सिंधु : दोन वाट्या ठेवा. देवाला एक, चाकाला एक. अन् पुढच्या वेळी कुणी बाई आली तर स्टुलावर बसवू नका. नट तिच्या हातात द्या.

(मुखेडच्या रस्त्यावर, चालत्या गाडीत.)

हरिओम : वहिनी, फोन वाजतोय. बाबाचा हाय. घरी गेल्यावरच बोलू का?

सिंधु : घरी शेजारपाजारचे जमतात, तुमचं तोंड शिवलं जातंय. इथं गाडीत आपण दोघंच हाव. उचला.

हरिओम : हां, बाबा... हाव, बसले नट. साधे हायत, पोलादाचे... न्हाई, लाल न्हाई घेतले... बाबा, एक ऐका. वहिनीनं न्हाई ढिल्ले केले. मी बसवले व्हते ना, ते आईच्या कुंकवावरच बसवले, पुसलंच न्हाई. नट बी त्या चाकाचे नव्हते... हाव. म्हाईत व्हतं. तवाच म्हाईत व्हतं... आईला काय बोलू नका, चूक माझी हाय... अं? मुखेडच्या अलीकडं आलो. आता उतरून एकदा पाना लावायचाय... मी कसा थांबवू गाडी? मी डाव्या बाजूला बसलोय, बाबा.