वाफ्याचं माप

...आणि वर मलाच विचारते, "एवढं साधं कसं कळत नाही हो तुम्हाला?" आता तुम्हीच सांगा, 'अंदाजानं' म्हणजे किती? इंच? वीत? घमेलं? अहो, जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस मी! गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसत्या नजरेनं कॉलर सांगायचो. आणि आमच्या हिला विचारावं, "अगं, तुझ्या वाफ्यात खत किती घालायचं?" तर खिडकीतल्या खुर्चीतून उत्तर काय? "अंदाजानं!"

वाफा तिचाच हो. मागच्या अंगणात, बरोबर माझ्या मशीनसमोर. मी मशीनवर, ती मातीत... काय दिवस होते! मशीन जरा थांबलं की बाहेरून हाक, "अहो, झोपलात की काय?" टोमॅटो तर इतके यायचे, की पँट न्यायला आलेला माणूस पिशवीभर टोमॅटो घेऊन जायचा आणि पँट इथंच विसरायचा! खत टाकायची तेही कसं, मूठ इकडे, मूठ तिकडे, मध्येच मागे सरून मान वाकडी करून बघायची. तिला बघता बघता दोनदा सुई बोटात गेलीय माझ्या, खोटं नाही सांगत!

मग गुडघे गेले. तिचे हो, माझे ठणठणीत आहेत. वाफा ओसाड पडला, एक गुलाब तेवढा उरला, तोही कमरेत वाकलेला. मुलगा आला, म्हणाला, "बाबा, फरशी घालून टाकू, गाडी तरी उभी राहील." ही म्हणाली, "घाला. मला काही आता वाकवत नाही." आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसली. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, खबरदार! वाफा मी करतो! मी! ज्यानं उभ्या आयुष्यात कुंडीला तांब्याभर पाणी घातलं नाही, तो!

गेलो खताच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, सोप्पंय. लांबी, रुंदी आणि थर, तिन्ही गुणायचं. थर दोन इंच पुरे." अरे, आधी नाही का सांगायचं? माप म्हणजे माझं राज्य! घरी आलो, गळ्यातला टेप काढला, मातीत लोळण घेतली. दहा फूट लांब, चार फूट रुंद. आणि मग... सवय हो, दुसरं काय! कापड बेतताना शिलाईसाठी कडेनं जास्तीचं सोडावं लागतं, माया म्हणतो आम्ही. हात आपला लिहीत गेला. लांबीला दोन्हीकडून दोन-दोन इंच, रुंदीला दोन्हीकडून दोन-दोन. इथवर खपलं असतं. पण थरालासुद्धा? दोन वरून, दोन खालून! दोनाचे सहा झाले की राव! सात गोण्यांत भागलं असतं तिथं बावीस आल्या. गाडी लावायची म्हणत होता ना मुलगा, ती सगळी जागा भरली. टेम्पोवाला विचारतो, "काका, शेत कुठंय तुमचं?"

खिडकीतून आवाज आला, "अहो, मातीला कोट शिवताय का?" आणि हसली! किती दिवसांनी हसली असेल, पदर तोंडाला लावून, खोकला येईपर्यंत. मग काठी टेकत, एकेक पायरी उतरत, अंगणात आली. स्टुलावर बसली, गोणी फोडायला लावली, मूठभर खत नाकाशी नेलं. "बरंय," म्हणाली. आणि मूठ इकडे, मूठ तिकडे... मी नुसता बघत उभा. एवढ्यात मुलाचा फोन. मी काही बोलायच्या आत हिनंच घेतला. "फरशीवाल्याला नको म्हणून सांग रे. जागाच नाही. आणि हो, उरलेल्या खताला आणखी दोन वाफे काढतायत बाबा."

कोण? मी! कधी ठरलं? मला कुणी विचारलं? मी मुकाट्यानं माप घ्यायला टेप उलगडला, तर तिनं तो हातातून काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला. "माप पुरे झालं. त्या गुलाबाला काठी लावा आणि यानं बांधा."

चाळीस वर्षं गळ्यात होता हो तो टेप! पण बसलो खाली. काठी रोवली, टेप गुंडाळला, आणि धंद्याची सवय, विचारून बसलो, "अगं, किती घट्ट?"

सांगायला हवं का, काय म्हणाली ते?