शिंप्याला दिलेली किल्ली

बायको वारल्यापासून सुतार दवाखान्यात एकटाच येई. आज रांगेत त्याच्या मागे एक गवंडी आणि त्याची बायको उभी होती.

"प्रार्थनेच्या हॉलची किल्ली त्या शिंप्याला दिलीत म्हणे?" बायकोने गवंड्याला विचारलं.

"आता मंडळीचा पाळक तोच."

"सात वर्षं घरोघर फिरलात तुम्ही, आणि आयत्या बिळावर नागोबा तो?"

"अगं, माणसं सांभाळायचं दान देवाने त्याला दिलंय. माझं दान प्रेषिताचं. जिथे ख्रिस्ताचं नाव पोचलं नाही, तिथे पाया घालायचा आणि पुढे निघायचं. नदीपलीकडे अजून कुणी गेलेलं नाही."

"मला विचारलंत?"

"चुकलं. तू नको म्हण, इथेच थांबतो."

"आता थांबून काय करताय? भांडी कालच बांधलीत मी."

सुताराचा नंबर पुकारला. तो बाजूला सरकला.

"तुम्ही दोघं जा आधी."