जिचा निरोप, तिलाच माइक नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय राजाभाऊ, नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यातून एवढ्या लांब गाडी चालवत आलेले प्रमुख पाहुणे कपिलसाहेब, व्यासपीठावर बसलेले आमचे उल्हासकाका आणि सुनेत्राकाकू, त्यांच्याशेजारी शाल पांघरून बसलेली त्यांची लेक, सत्कारमूर्ती शमिका, आणि रेगेन्सबर्ग-म्युनिकच्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो, सर्वांना रुपेशचा नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला नावाने ओळखत नसतील, पण माझ्या हातचं सगळ्यांनी खाल्लेलं आहे. मंडळाचा स्वयंपाक मी करतो. एरवी इथल्याच एका इंडियन हॉटेलात तंदूरवर उभा असतो. शाळा नववीत सुटली. नंतर संगमेश्वर, पनवेल, दुबई असं करत इथवर आलो. पाय एका जागी ठरत नाहीत, त्याला इलाज नाही. दुपारी राजाभाऊ मला म्हणाले, "रुपेश, आभार तू मान. नावं घ्यायची आणि पुऱ्या तळायला पळायचं." नावं घेतो, राजाभाऊ. पळायचं मात्र जरा थांबा.

सर्वप्रथम, हा हॉल देणाऱ्या चर्चचे आभार. हॉलची देखभाल करणारे हाऊसमाइस्टर हेर हूबर यांचे आभार. ते दारात उभे राहून सारखे घड्याळ दाखवतायत, तरीसुद्धा आभार. पाडव्याची गुढी ज्यांच्या बाल्कनीतून इथपर्यंत आली त्या म्युनिकच्या मंडळींचे आभार. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलांचे आभार. मुलांनो, छान म्हटलंत. अर्थ घरी गेल्यावर आईला विचारा.

आता मानपत्र. उल्हासकाकांनी ते पुण्याहून छापून मागवलं, सोनेरी अक्षरांत, चंदनी रंगाच्या चौकटीत. मघाशी त्यांनीच वाचलं. "क्लिनिकल सायकॉलॉजीतील डॉक्टरेटसाठी अमेरिकेस प्रस्थान करणाऱ्या चि. शमिका हिस..." टाळ्या पडल्या. मीसुद्धा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग माझी नजर शमिकाकडे गेली.

मंडळी, शमिकाने अजून ठरवलेलंच नाही! तिला दोन युनिव्हर्सिट्यांनी बोलावलंय. एक क्लिनिकल, दुसरी काउन्सेलिंग. या आठवड्यात तिला एकीला हो कळवायचंय आणि दुसरीला नाही. गेले दोन महिने ती पोर याच विचारात आहे. आणि तुम्ही ते सोन्याच्या अक्षरांत छापून मोकळे? उल्हासकाका, मी तुमच्या घरचं मीठ खाल्लंय. गेल्या गणपतीत तुमच्याच ओट्यावर मोदक वळलेत. म्हणून तोंडावर बोलतो. माझ्या गावी बारशाच्या आधी पाळण्यावर नाव लिहीत नाहीत.

आता कोणी म्हणेल, आचाऱ्याला यातलं काय कळतं? गेनाऊ, अगदी बरोबर, काही कळत नाही. अर्ज भरायच्या आधी शमिकाने तुम्हा सगळ्यांना गणपतीत समजावलं होतं, तेव्हा मी मोदकाच्या पातेल्यापाशी होतो, तेवढंच कानावर पडलं. दोन्हीकडे पाचसहा वर्षं, दोन्हीकडे संशोधन, दोन्हीकडून शेवटी डॉक्टरच. क्लिनिकलला जास्त करून मोठ्या मानसिक आजारांचं काम, हॉस्पिटलात. काउन्सेलिंगला जास्त करून चालत्याबोलत्या माणसांचं, ज्यांचं काम, घर, देश, नातं कुठेतरी अडकलंय अशांचं. आणि तीच म्हणाली होती की मधली भिंत काही फार उंच नाही, इकडचे तिकडे काम करतात. एवढं सांगून होईपर्यंत सुनेत्राकाकू म्हणाल्या, "अगं, पण क्लिनिकलवाली मामाच्या घराजवळ आहे ना?" आणि काका म्हणाले, "क्लिनिकल म्हटलं की लोकांना डॉक्टर वाटतं. काउन्सेलिंग म्हटलं की बालवाडी वाटते." विषय संपला. आरती सुरू झाली.

आणि आज कपिलसाहेब, तुम्ही पाहुणे आहात, तुमचा मान मोठा. पण तुम्ही भाषणात काय बोललात? "आमच्याकडे इंजिन बनवणारा वेगळा आणि शोरूममध्ये गिऱ्हाइकाला कॉफी देणारा वेगळा. बेटा शमिका, तू कॉफी देणारी होऊ नकोस." हॉल हसला. साहेब, कॉफी देणारा मी आहे. तुमच्या पहिल्या रांगेला मघाशी मीच दिली. बिनसाखरेची तुमची.

क्लिनिकलला नावं ठेवायला मी उभा नाही. शमिका हॉस्पिटलात प्राक्टिकुम, म्हणजे शिकाऊ काम करायची तेव्हा संध्याकाळी आमच्या हॉटेलाच्या मागच्या दाराने यायची, वरणभात घ्यायची आणि घास हातात धरून बसून राहायची. तिथल्या माणसांचं ऐकून तिच्या घशाखाली उतरायचं नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. असं काम करणाऱ्याला मी खाली वाकून नमस्कार करीन. ज्याच्या डोक्यात वणवा लागलाय त्याच्यापाशी कोणीतरी शिकलेलं माणूस हवंच.

पण ज्याच्या डोक्यात वणवा लागलेला नाही, नुसता धूर कोंडलाय, त्याने कुठे जायचं?

गेल्या उन्हाळ्यात फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला, आठवतंय ना? तुम्ही झेंडे घेऊन नाचत होतात. आम्ही नान लावत होतो. सकाळपासून हॉटेल बंद होईपर्यंत, रोज. गर्दी ओसरली आणि एक दिवस मी तंदूरपुढे उभा राहिलो तो हात पुढेच जाईना. पीठ हातात, आणि मी नुसता बघतोय. असं रोज व्हायला लागलं. डॉक्टरने रक्त काढलं, छातीवर पट्ट्या लावल्या आणि म्हणाला, "गेझुंड." ठणठणीत. मालक म्हणाला, "घरची आठवण येत असेल, फोन कार्ड घे." रूमवरचे म्हणाले, "नाटकं करतो." बरं, हे हॉटेल सोडून दुसरीकडे जायचं तर माझा व्हिसा याच मालकाच्या नावावर.

व्हिसाचं विचारायला म्हणून शहराच्या सल्लाकेंद्रात गेलो, बेराटुंगश्टेलेत. तिथे शमिका शिकता शिकता काम करायची. मला वाटलं, ही मोठ्या इंजिनीयरची लेक, दोन उपदेश करील. तिने व्हिसाचं सांगितलं, आणि मग विचारलं, "रुपेशदादा, दिवसभरात असं कुठलं काम आहे, जे करताना तू घड्याळ बघत नाहीस?"

हसू नका. मला आईने, बापाने, मास्तरांनी, चार मालकांनी काय काय सांगितलंय. विचारलं कधी कोणी नव्हतं. मी चिडून म्हणालो, "असलं काही नसतं आमच्यात." ती म्हणाली, "बरं." आणि गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं फार वाईट, मंडळी. समोरच्याला बोलावंच लागतं! शेवटी म्हणालो, "सकाळी बाजारात भाजी आणायला पाठवतात तेव्हा. बव्हेरियन म्हाताऱ्यांशी भाव करतो. त्यांची भाषा जर्मन लोकांनाही कळत नाही म्हणतात, मला कळते."

ती म्हणाली नाही की भाजीचा धंदा कर. बरेच आठवडे गेलो, तिने एकदाही काय करायचं ते सांगितलं नाही. पण मालकाशी जाऊन मीच बोललो. आता हॉटेलची सगळी खरेदी माझ्याकडे आहे, तंदूर फक्त संध्याकाळी. हात पुन्हा चालतात. ज्या पुऱ्या तुम्ही खाणार आहात त्या याच हातांनी लाटल्यात. कपिलसाहेब, त्या केंद्रात मला कॉफीसुद्धा मिळाली नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, रुपेश काउन्सेलिंगची वकिली करतोय. आज दुपारी मीही तेच केलं. ती बटाटे सोलायला आली होती, सत्काराच्या साडीवर माझा ॲप्रन बांधून. मी म्हणालो, "शमिका, तू काउन्सेलिंगच घे. आमच्यासारख्यांसाठी घे." तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "दादा, तूही?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे बाबा सांगतात, आई सांगते, मामा फोनवर सांगतो. आता तू सांगतोस. संध्याकाळी अख्खा हॉल सांगेल."

"मग तू सांग ना त्यांना."

"कधी? कार्यक्रमात माझं बोलणंच नाहीये."

आल्झो, म्हणजे बघा, मला खरं वाटेना. मी राजाभाऊंना विचारलं. राजाभाऊ म्हणाले, "हॉल वेळेत सोडायचाय रे. सत्काराला उत्तर काढून टाकलं. ती काय, आपलीच मुलगी." अध्यक्षमहाराज, पाहुणे बोलले, आपण बोललात, काका बोलले, बालगोपाळ गायले, आचारी बोलतोय. आणि जिला परवा आधी पुण्याच्या आणि मग पुढे अमेरिकेच्या विमानात बसायचंय, जिला पाचसहा वर्षं ते शिक्षण आपल्या अंगावर घ्यायचंय, ती मघापासून नारळ मांडीत धरून गप्प बसलीय. आपलीच मुलगी म्हणून? परक्याची असती तर बोलू दिलं असतं? जर्मनीत येऊन आपण सगळं शिकलो, कचरा चार डब्यांत वेगळा करायला शिकलो. घरातल्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायला कधी शिकणार?

सुनेत्राकाकू, डोळे पुसू नका. तुमच्यावर राग नाही. थोडा आहे.

असो. सर्व वक्त्यांचे, श्रोत्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि आता खुर्च्या उचलणार असलेल्यांचे मंडळातर्फे आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेन, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर आचारी समजून पोटात घाला.

आता जेवणाचं. श्रीखंड गार आहे, भाजी झाकलेली आहे, पुऱ्या लाटून ओल्या फडक्याखाली ठेवल्यात. कढईखालचा गॅस मी अजून पेटवलेला नाही आणि लायटर माझ्या खिशात आहे. हेर हूबरना मी आधीच सांगून ठेवलंय, आज उशीर होईल. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, आमची एक मुलगी बोलायची राहिलीय. ते म्हणाले, मग थांबतो.

शमिका, ऊठ. नारळ इकडे दे, माझ्याकडे. हा माइक घे.

तुला काय करायचंय?