दोष द्या की हो मला!

...आणि वर म्हणतात काय, ‘मोकळेपणानं बोला आजोबा, इथं कुणी कुणाला दोष देत नाही!’ अहो, पण द्या की! मी मागतोय ना! चाळीस वर्षं या कड्यावर लोकांची पोरं दोरानं वरखाली करतोय, कधी काही मागितलं नाही, आता एक दोष मागितला तर तेवढाही मिळेना? ...थांबा हो ताई, रांग मोडू नका, हेल्मेट सगळ्यांना मिळणार. लेकरांना वर न्यायला अजून अर्धा तास आहे. तोवर ऐका. तुम्हाला सांगतो, तुमच्याच कामाचं आहे.

आता मी पहिल्यापासून खोडकर, ते लपवत नाही. नवे शिक्षक आले की मी सांगायचो, सकाळी आल्या आल्या दोराला ‘कसे आहात’ विचारायचं, नाहीतर दोर रुसतो. एका तुकडीनं तीन महिने विचारलं! त्यातला एक चुकून ‘कसा आहेस’ म्हणाला, तर दुसऱ्यानं त्याला झापलं, ‘अरे, वयानं मोठाय तो!’ तर अशी माझी कीर्ती. हसा, हसा... मीपण हसायचो.

गेल्या मोसमात काय झालं, बारा वर्षांची एक मुलगी वर कड्याच्या काठावर उभी. खाली ऐंशी फूट. तिला दोर बांधायचा. आता दोराची गाठ म्हणजे कशी, आधी आठाचा आकडा करायचा, मग दोर पोरीच्या कमरेच्या पट्ट्यातून घ्यायचा आणि त्याच आठावरून परत फिरवून आणायचा. आठावर आठ. तो दुसरा आठ झाला तर गाठ, नाहीतर नुसती दोरी. मी पहिला आठ केला, पट्ट्यातून घेतला... आणि पोरगी घाबरली होती ना, म्हणून तिला ती दोर रुसल्याची गोष्ट सांगायला लागलो. गोष्ट रंगली. पोरगी हसली. मी म्हटलं, ‘हं, आता मागं रेल!’

पोरगी रेलली नाही. स्वतःच्या पोटाकडं बघितलं, शेजारच्या मैत्रिणीच्या पोटाकडं बघितलं, आणि म्हणाली, ‘आजोबा, माझ्या आठाला जोड नाही.’

...

गोष्टीच्या नादात दुसरा आठ राहूनच गेला होता हो! आणि माझ्या या मेल्या तोंडानं काय केलं? सवयीनं केलं हो! म्हणालं, ‘शाबास! परीक्षा घेत होतो तुझी! पास झालीस!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या शाळेच्या बाईंनी तर आमच्या ऑफिसला कौतुकाचं पत्र धाडलं, ‘आजोबांची शिकवण्याची आगळी तऱ्हा’!

त्या दिवशी घरी ताटाला हात लावला नाही. आमची ही म्हणाली, ‘काय लपवलंय?’ सगळं सांगितलं. हिनं ताट उचललं, म्हणाली, ‘उद्या प्रशिक्षण आहे ना तुमचं? तिथं सगळ्यांसमोर सांगा. आणि तिथं तरी तोंड सरळ ठेवा.’

आता हे प्रशिक्षण म्हणजे, आम्ही पोरांना शिकवणार, तर आम्हाला शिकवायला मोठ्या ऑफिसातून एक साहेब येतो. चिठ्ठीसाहेब. नाव आम्हीच पाडलंय. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतो. तुम्ही शिंका, लगेच पिवळी चिठ्ठी. त्यानं खुर्च्या गोल मांडल्या. म्हणाला, ‘प्रत्येकानं आपली थोडक्यात टळलेली चूक सांगायची. मोकळेपणानं बोला, इथं कुणी कुणाला दोष देत नाही.’ एक म्हणाला, मी पाण्याची बाटली विसरलो होतो. टाळ्या. दुसरा म्हणाला, मी पोरांवर जरा जास्तच प्रेम करतो. त्यालाही टाळ्या!

माझी पाळी आली. उभा राहिलो. म्हटलं, मी गाठ अर्धी सोडली. पोरगी मेली असती. परीक्षा वगैरे काही नव्हती, विसरलो होतो मी.

हसले. सगळे हसले! मी म्हटलं, ‘शपथ घेतो!’ आणखी हसले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, तर शेजारचा म्हणतो, ‘म्हातारा नाटकात हवा होता.’ आणि चिठ्ठीसाहेब गहिवरून, ‘बघा, केवढी नम्रता! स्वतःच्या कल्पनेचं श्रेयसुद्धा घेत नाहीत!’ अरे बाबा, श्रेय नको, दोष दे!

म्हटलं, बोलून भागत नाही तर लिहून देऊ. माझी अक्षरओळख सहीपुरती. मी सांगितलं, हिनं लिहिलं, ‘मी खरोखर विसरलो होतो. मला वर पाठवू नका.’ खाली सही ठोकली. साहेबानं ते पत्र भिंतीवर लावलं आणि शेजारी हिरवी चिठ्ठी चिकटवली... ‘विनोदबुद्धी’.

आणि पंधरा दिवसांत पुस्तिका छापून हजर! पान सतरा. ‘मुद्दाम चूक पद्धत.’ शिक्षकानं गाठ अर्धी सोडायची, पोरानं ती ओळखायची, आत्मविश्वास वाढतो. माझा फोटो! हसरा!

मग त्याची परीक्षा. दोन फुटांचा ओटा, खाली गादी. एकानं शिक्षक व्हायचं, एकानं पोर. शिक्षकानं गाठ अर्धी ठेवायची. पोर झालेले कोण? आमचेच लोक, दाढीमिशीवाले, दोरावर वाढलेले. नऊजणांची पाळी झाली, पाचांनी गाठ ओळखली, आणि उरलेले चार, तुम्हाला सांगतो, चार... धप्प! गादीवर! बघितलंच नाही गाठीकडं! साहेब टाळ्या वाजवतोय, ‘वा, शिकण्याची संधी!’ मी म्हटलं, ‘साहेब, वर गादी कुठाय?’ तर म्हणे, ‘वर दुसरा शिक्षक तपासेल.’ ‘आणि तो विसरला तर?’ ‘तर आपण नंतर गोलात बसून बोलू. मोकळेपणानं. इथं कुणी कुणाला दोष...’ पुढचं मीच म्हटलं, पाठ झालंय.

शेवटी माझा नंबर. साहेब म्हणाला, ‘बघा रे, आता मूळ कलाकार!’ मी दोर घेतला. पहिला आठ केला, पट्ट्यातून घेतला, आणि हात फिरलेच हो परत. आठावर आठ. साहेब म्हणाला, ‘आजोबा, अर्धी सोडायची.’ पुन्हा केली. पुन्हा पक्की! त्या दिवशी पोरीच्या वेळी विसरले ते हात, आता मुद्दाम विसरा म्हटलं तर विसरेनात! तिसऱ्यांदा मात्र... तुमच्यापासून काय लपवायचं, तिसऱ्यांदा मी मुद्दाम बांधली. अशी आवळली की सोडवायला दोघं लागले.

ए बाळ, इकडं ये. हनुवटीचा पट्टा असा. आणि वर गेल्यावर कुणी कितीही गोड गोष्ट सांगू दे, आधी पोटाकडं बघायचं. आठाला जोड आहे का? नसली तर खाली बसकण मारायची आणि बोंब ठोकायची. तू ऐकलंस ना? मागच्यालाही सांग.

काय म्हणालात दादा, मी वर का नाही? निकाल लागला ना आमचा. हिनं वाचून दाखवला, दोनदा. ‘उमेदवाराला वारंवार सांगूनही चूक करता येत नाही. सरावाची गरज आहे. तोपर्यंत हेल्मेट वाटपाचं काम द्यावं.’ चाळीस वर्षांत पहिल्यांदा नापास झालो.

बाकीचे सगळे पास. ते वर आहेत... तुमच्या लेकरांची वाट बघतायत.