आमचा लूम आणि रिकाम्या लहरी

...आणि मला सांगा, पीएचडी झालेल्या माणसाला स्वतःच्या घरात एक वाक्य बोलता येऊ नये? एक! तुम्हाला सांगतो, माझा प्रबंध कशावर होता? टीव्हीसाठी राखून ठेवलेल्या रेडिओलहरी, त्यातल्या कितीतरी नुसत्या रिकाम्या पडून असतात, तर बाकीच्या बिनतारी यंत्रांनी त्या वाटून कशा वापरायच्या... कंटाळलात? सोपं आहे हो! आधी ऐकायचं. रिकामं असेल तरच बोलायचं. त्या लहरींचा मालक आला की निमूट जागा सोडायची. संपला प्रबंध!

आणि हे मी विद्यापीठात शिकलो असं वाटतं तुम्हाला? छे! आमच्या घराखाली वडिलांचा लूम, कापड विणायचा यंत्रमाग. खटाखट, खटाखट... वर आम्ही सगळे खुणांनी बोलणार. धागा तुटला की लूम थांबायचा, आणि वडील गाठ मारेपर्यंत घरातलं सगळं बोलणं उरकायचं. कुणाचं लग्न, कुणाचा ताप, सगळं तेवढ्यात! मग माझं लग्न झालं, नसीबा आली, आणि काय सांगू, धागे जास्तच तुटायला लागले. वडील ओरडायचे, "सूतच कच्चं आलंय!" कसलं कच्चं? सुताच्या कांड्या भरताना ही नखाने सूत खरवडून ठेवायची! कशासाठी? तर मला एवढंच विचारायला, "जेवलात?"

तर परवा दुपारी आमचा मुलगा नोमान जेवताना म्हणतो, "अब्बा, तो बंद पडलेला लूम भंगारात देतोय, खाली गोडाऊन काढू. टेम्पो निघालाय." मला म्हणायचं होतं, नको रे, राहू दे. बस, एवढंच! पण आधी ऐकायचं ना? नोमान फोनवर मानकोलीच्या कुणा गोडाऊनवाल्याशी, "हां भाई, जगह खाली हो रही है!" सूनबाई टीव्हीसमोर. नात मेहरीन व्हिडिओ कॉलवर, "अगं, खरंच? नाही, पण खरंच?" मी फट शोधतोय... मिळाली! "नोमान, मी काय म्हणतो..." की कुकरची शिट्टी! पुढचा घास घेतला. आणि वाटलं, माझंच चुकत असेल तर? व्यवहार तो बघतो, मी कोण? शिवाय रिकामं असेल तरच बोलायचं...

नसीबा मघापासून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुमी बसा धागा तुटायची वाट बघत, तवर कापडाचं अख्खं थान उतरेल!" उठली, आणि सरळ मेन स्विच खाली ओढला! खटकन! टीव्ही गेला, पंखा गेला. मेहरीन किंचाळली, "दादी, नेट गेलं!" आणि मग शांतता... धागा तुटल्यावरची, अगदी तीच शांतता हो! इतक्या वर्षांनी!

"बोला आता," नसीबा म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघतायत. मी तोंड उघडलं... आणि खालून टेम्पोवाल्याचा हॉर्न! "चाचा, गेट खोलो!"

आणि मी उठलो. सवय हो! मालक आला, जागा सोडायची! मीच खाली गेलो, माझ्या हातांनी गेट उघडलं!

लूम गेला. नसीबाने एक कांडी तेवढी उचलून खिडकीत ठेवली. आता खाली सगळं रिकामं आहे, दिवसभर बोलावं एवढं रिकामं, आणि ही माझ्याशी अवाक्षर बोलत नाही. मी ऐकतोय. नुसता ऐकतोय! पण आज ठरवलंय, घरी जाऊन तिला स्पष्ट विचारायचं, की... थांबा, तुमचा फोन वाजतोय. घ्या, घ्या. मी थांबतो.