कोंडीबाची फाइल

(१९९९. रक्तदात्यांच्या संघाची दोन कार्यालयं फोनवर बोलतायत. सांगलीत दीपमाला, साताऱ्यात फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आकाराम. दीपमालासमोर रक्त द्यायला आलेला कोंडीबा.)

दीपमाला : पण सुभेदारकाका, याद्या पाठवायचं हे आरसिंक सॉफ्टवेअर वेगवान आहे. बदललं तेवढंच पाठवतं. महिनाभर मी तेच चालवतेय.

आकाराम : व्हय, आन् म्हयनाभर सांगली साताऱ्यावर चढून बसलीय! वन-वे ट्राफिक हाय ते. तुमची यादी हिकडं येती, माझं लिवलेलं दाबून टाकती.

दीपमाला : असं काय दाबलं?

आकाराम : कोंडीबाची फाइल. परवा मी त्यात लिवलं, कावीळ झालीय, रक्त घेऊ नका. तुमी तुमच्याकडच्या त्याच फाइलीत त्याचा नवा फोन नंबर टाकला. तुमची फाइल आली, माझी कावीळ गेली.

दीपमाला : काका... कोंडीबा माझ्यासमोर बसलेत. दुपारच्या ऑपरेशनसाठी मीच बोलावलंय. बी निगेटिव्ह म्हणून.

कोंडीबा : आवं बाई, म्या साताऱ्याच्या सायबांस्नी सांगितलं हुतं की. तुमी बलावलं, म्हनलं आता चालत आसंल.

दीपमाला : नाही हो, चूक माझी. काका, माझ्या यादीत दुसरं बी निगेटिव्ह कुणीच नाही.

आकाराम : डगमगू नगा. माझी रोजची कॉपी हाय, फौजेची सवय. त्यातनं कावीळ परत घातलीय. तुमच्याकडं युनिसन नावाचं दुसरं सॉफ्टवेअर बसवून दिलंय न्हवं, ते चालवा. दुसऱ्या लाइनीवर मॉडेम तयार हाय.

दीपमाला : ते नवं आहे. रेंगाळलं तर?

आकाराम : तेबी बदललं तेवढंच धाडतं. पर दोन्ही बाजू बघतं. एकच फाइल दोघांनी बदलली तर थांबतं, इचारतं. मी आठ दिस तपासलंय. लावा.

दीपमाला : लावलं... सत्तावीस नवी नावं येतायत! कोंडीबांपाशी थांबलंय. कुणाचं ठेवू?

आकाराम : माझं. फोन नंबर मागनं घाला.

दीपमाला : बी निगेटिव्ह शोधते... राजेश्वरी. पत्ता विश्रामबाग? काका, ही आमच्या मागच्या गल्लीत राहते!

आकाराम : साताऱ्याला माहेरी आलती, तवा शिबिरात नाव दिलं. फेब्रुवारीपास्नं हाय माझ्याकडं. ठेवा फोन, तिला लावा.

दीपमाला : नमस्कार, राजेश्वरीताई? रक्तदात्यांच्या संघातून बोलतेय... हो, आजच. रिक्षा पाठवू?... चालत येताय? या, या.

कोंडीबा : येत्यात व्हय? मग मी जरा सरकतो. त्यांस्नी बसाय जागा हुईल.